विहिरीत शंख सापडले म्हणून खाली समुद्र आहे का, आणि ४२० फुटांचा कोरडा बोअर अजून खाली न्यायचा का?

विचारणाऱ्या भाऊंनी बरंच लिहिलंय, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मंगळवेढा तालुक्यात माण नदीपासून दीडेक किलोमीटरवर त्यांचं रान आहे. जुनी सात परस, म्हणजे साधारण चाळीसेक फूट विहीर आहे, ती उन्हाळ्यात आटते. गाळ काढताना पंधरा-वीस फुटांवर विहिरीच्या कडेच्या मातीत पांढरे शंख आणि शिंपल्यांचे तुकडे निघाले. मग बोअर मारला, ४२० फूट. ३१० फुटांवर लाल माती आली, बारा-तेरा फूट चालली, तिच्याखाली पांढरे चकाकणारे खडे आले आणि नंतर नुसता काळा फुफाटा. आजोबा म्हणतात इथं पूर्वी समुद्र होता, मशीनवाला म्हणतो अजून चारशे फूट चला, खाली पाणी हाय. भाऊंचा प्रश्न असा की खरंच समुद्र होता का, असेल तर ते पाणी खाली असेल का, आणि लागलं तर खारं लागेल का.

मला वाटतं यातला खरा प्रश्न समुद्राचा नाहीच, पैशाचा आहे. आणखी चारशे फुटांचा दर पहिल्या चारशे फुटांसारखा नसतो, जसं खाली जाल तसा फुटाचा भाव चढतो, आणि मशीनवाल्याला पाणी लागो न लागो पैसे फुटावर मिळतात. त्याच्यावर माझा राग नाही, तिकडं तमिळनाडूतून तिरुचेंगोडवरून गाडी घेऊन आलेली पोरं असतात बिचारी, दिवसरात्र धुळीत काम करतात. पण "खाली पाणी हाय" हे वाक्य त्यांच्याकडून ऐकलं की हिशोब कुणाच्या बाजूचा आहे तेवढं लक्षात ठेवायचं.

मी सोलापूर-धाराशिव पट्ट्यात २६ वर्षं पाण्याच्या जागा बघतोय. भूशास्त्र शिकून आलो, हातात नारळ नाही, उंबराची काडी नाही, रेझिस्टिव्हिटी मीटर आहे (जमीन विजेला किती अडवते ते मोजून खाली काय असेल याचा अंदाज देणारं यंत्र), आणि तरी चुकतो, त्यातली एक चूक खाली सांगणारच आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: खाली जाऊ नका, निदान आत्ता तरी नको. का ते समजून घ्या म्हणजे उद्या दुसरा कुणी येऊन सांगेल तेव्हा तुम्हीच त्याला चार प्रश्न विचाराल.

शंखापासून सुरू करू. तुमचे शंख पंधरा-वीस फुटांवर सापडले, मातीत, दगडात नाही. हाच मोठा पुरावा. तुमची विहीर माणच्या जुन्या गाळात आहे, वरचे वीस-पंचवीस फूट नदीनं आणि ओढ्यानं आणून टाकलेली पिवळसर माती, वाळूचे पट्टे, गोटे, आणि त्याच्याखाली मुरूम मग खडक. गोड्या पाण्यात गोगलगायी असतात, नदीत शिंपले असतात, ते मेले की त्यांची कवचं गाळात राहतात. एक शंख पाण्यात धुवा आणि हातावर घेऊन बघा, बोटाच्या पेरापेक्षा लहान असेल, कवच कागदासारखं पातळ, आणि त्याच जातीचा जिवंत प्राणी तुम्हाला पावसाळ्यात ओढ्याच्या कडेला दगडाला चिकटलेला सापडेल. समुद्रातले शंख बहुतेक जाड, दणकट असतात, लाटांचा मार खायचा असतो त्यांना. तेव्हा हे शंख नदीचे. जुने आहेत, कदाचित हजारो वर्षं जुने, पण समुद्राचे नाहीत.

हा गाळ तरी इतका का साचला, आज तर माण स्वतःचा काठ कापत खाली गेलेली दिसते. याचं उत्तर मात्र समुद्राशी जाऊन भिडतं. शेवटच्या हिमयुगात, म्हणजे साधारण २०,००० वर्षांपूर्वी, इतकं पाणी बर्फ होऊन अडकलं होतं की जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती, समुद्र थंड, त्यामुळं मान्सूनही दुबळा. पाऊस कमी की नदीत जोर कमी, जोर कमी की आणलेला गाळ पुढं ढकलता येत नाही, तो तिथंच टाकते. नंतर बर्फ वितळला, मान्सून जोरात आला, नदीनं तोच गाळ कापायला घेतला. भीमेच्या खोऱ्यात हे असं टाकणं आणि कापणं कितीदा तरी झालंय. वर कुकडी नदीच्या काठी बोरी गावाजवळ अशाच गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, आणि ती राख थेट इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची असल्याचं मानलं जातं. आपल्या भीमेच्याच खोऱ्यात, एवढ्या लांबून उडून आलेली राख. असो, हे सांगायला लागलो की माझं थांबत नाही.

गाळात तुम्हाला शंखाबरोबर पांढरे खडबडीत गोळेही मिळाले असतील, काहीजण त्याला पोवळं समजतात. ती चुनखडी. बाथरूम साफ करायच्या ॲसिडचा एक थेंब टाका (हात सांभाळून, पोरांना लांब ठेवून), लगेच फसफसेल. ही चुनखडीसुद्धा समुद्रातून आलेली नाही, ती इथल्या इथं बनलीय, आणि ती का बनली हे कळलं की सोलापूरच्या जमिनीचं अर्धं गणित सुटतं.

आपल्या खालचा दगड म्हणजे बेसॉल्ट, थंड झालेला लाव्हा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून तो बाहेर आला, डोंगराच्या टोकातून फवारा उडतो तसा नाही, काकवी सांडावी तसा पसरत गेला, थरावर थर. आज उरलेलं क्षेत्रच ५ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. तेव्हा भारत इथं नव्हताच, विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, आज हिंदी महासागरात रियुनियन बेट आहे त्या पट्ट्यात, आणि त्या बेटाखाली आजही जो उष्ण झोत आहे त्यावरूनच आपली जमीन सरकत गेली असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे मंगळवेढ्याचा दगड तयार झाला तेव्हा मंगळवेढा समुद्रात नव्हतं पण चारी बाजूंनी समुद्र असलेल्या एका भल्यामोठ्या तराफ्यावर होतं, आणि तो तराफा उत्तरेकडं चालला होता, वर्षाला पंधरा सेंटीमीटरच्या वर. आज तो वेग पाच सेंटीमीटरच्या आसपास उरलाय, समोर हिमालय आडवा आल्यामुळं.

आता हाच एक दगड, वर महाबळेश्वरला पण हाच आणि आपल्याकडं पण हाच. महाबळेश्वरच्या पठारावर मात्र लाल जांभा, आणि आपल्याकडं काळी चिकण माती, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडणारी. दगड एक, माती दोन, फरक मुख्यतः पावसाचा. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि दगडातलं कॅल्शियम सोडवून घेतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, तिथं सुटलेलं सगळं धुऊन जातं, मागं राहतं लोखंड आणि ॲल्युमिनियम, म्हणून लाल. आपल्याकडं ५०० ते ७०० मिलिमीटर, तोही लहरी. कॅल्शियम सुटतं पण वाहून न्यायला पाणीच नाही, मग ते जमिनीत चार-सहा फुटांवर बसतं, उन्हानं पाणी उडतं, चुना राहतो. ती तुमची चुनखडी. आणि जो थोडा भाग वाहून जातो तो माणमधून भीमेत, भीमेतून कृष्णेत, कृष्णेतून बंगालच्या उपसागरात. तिथं शंख-शिंपले तोच चुना घेऊन आपली कवचं बांधतात. त्यामुळं आजोबांना सांगा, समुद्र आपल्या रानात आला नव्हता, आपलं रान मात्र दरवर्षी थोडं थोडं समुद्रात चाललंय.

(हवेतला कार्बन असा दगडात आणि मग समुद्राच्या तळाला जाऊन अडकतो, म्हणून लाखो-कोटी वर्षांच्या हिशोबात बेसॉल्ट झिजणं म्हणजे पृथ्वी थंड होणं. गंमत म्हणजे हाच लाव्हा बाहेर येताना त्यानं प्रचंड वायू सोडून हवामान बिघडवलं होतं, डायनासोर संपले त्या काळात, त्यात उल्केचा वाटा मोठा की लाव्ह्याचा यावर अजून भांडणं चालू आहेत.)

आता बोअरकडं. ३१० फुटांवरची लाल माती, तिला आपले विहीर खणणारे गेरू म्हणतात. भाऊ, तो गेरू म्हणजे एकेकाळची जमीन आहे. खालचा लाव्हा आला, थंड झाला, मग पुढचा लाव्हा यायला वेळ लागला, मधल्या काळात ऊन-पावसानं त्याचा वरचा भाग कुजला, माती झाली. मग पुढचा लाव्हा आला आणि त्यानं ती माती भाजून काढली, विटेसारखी. तुमच्या ड्रिलच्या बिटानं ३१० फुटांवर एका अशा रानाला भोक पाडलं जिथं माणूस काय, गायसुद्धा कधी उभी राहिलेली नाही. मला अजूनही गेरू लागला की मशीनशेजारून हलवत नाही, इतकी वर्षं झाली तरी.

पण व्यवहाराचं बोलू. गेरूत पाणी असतं आणि ते मिळत नाही. चिकणमातीसारखं असतं ते, भिजलेलं राहील पण सोडणार नाही, उलट फुगून बोअर ढासळवतो, तिथं केसिंग, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून घालायचा पाइप, टाकलंय का ते बघा. आमच्यासारख्यांची नजर असते ती गेरूच्या लगेच खाली, कारण तिथं खालच्या लाव्ह्याचा माथा असतो. लाव्हा थंड होताना त्यातला वायू बुडबुड्यांनी वर येतो आणि माथ्यालाच अडकतो, भाकरीला फोड येतात तसं. त्या भोकाभोकांच्या दगडाला आपल्याकडं मांजऱ्या म्हणतात. मांजऱ्या कुजलेला, भेगाळलेला असेल तर पाणी धरतो आणि देतोही. म्हणून ३२२-३२५ फुटांच्या पुढचे पंधरा-वीस फूट ही तुमच्या बोअरमधली शेवटची खरी आशा होती.

आणि तिथंच तुम्हाला पांढरे चकाकणारे खडे मिळाले. भाऊंनी लिहिलंय "हिऱ्यासारखे", आणि फोटोत दिसतंय की स्टीलच्या ताटात धुऊन ठेवलेत, बरं केलंत. त्यातला मोत्यासारखी झाक असलेला, पापुद्रा निघतो तो बहुधा स्टिल्बाइट, या गटाला झिओलाइट म्हणतात. ॲसिडचा थेंब टाकून बघा, जे फसफसतील ते कॅल्साइट, जे नुसते बसून राहतील ते झिओलाइट किंवा गारगोटी. पुणे, नाशिक, जळगावकडचे असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पण शेतकऱ्यासाठी ही वाईट बातमी आहे. लाव्हा निवताना आणि नंतरही कोमट पाणी त्या भोकांतून फिरत राहिलं, त्यातले क्षार भोकांत बसले, आणि भोकं बुजली. म्हणजे पाणी जिथं बसायचं त्या खोल्या आधीच कुणीतरी सामान भरून कुलूप लावून ठेवल्यात. खडे जितके जास्त आणि जितके सुंदर, तितका मांजऱ्या निकामी. त्याच्यानंतर जो काळा फुफाटा आला तो त्या लाव्ह्याचा पोटाचा भाग, काळा फत्तर, अखंड. त्यात भेग सापडली तर नशीब, नाहीतर कोरडं ठक्क.

मग अजून खाली गेलं तर? पुन्हा फत्तर, पुन्हा कधीतरी गेरू, पुन्हा मांजऱ्या, असं चालू राहील. किती खालपर्यंत, याचं अगदी जवळचं उत्तर आपल्याकडं आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, सोलापुरातही लोक अंथरुणातून रस्त्यावर आले होते, वयस्कर माणसं अजून सांगतात. नंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला मुद्दाम खोल बोअर घेतला, ६१७ मीटर. त्यात बेसॉल्ट निघाला ३३८ मीटर, म्हणजे ११०० फुटांच्या थोडा वर, त्याखाली जेमतेम ८ मीटर जुना गाळ, आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा अतिप्राचीन दगड. समुद्र नाही, तळं नाही, पोकळी नाही. पश्चिमेला कोयनेकडं हाच बेसॉल्ट ९३० मीटरच्या आसपास जाड निघाला. मंगळवेढ्याला नेमका किती हे बोअर घेतल्याशिवाय सांगता येणार नाही, पण ८०० फूट गेलात तरी तुम्ही बहुधा लाव्ह्यातच असाल.

आणि जसं खाली जाल तसं वरच्या दगडाचं वजन भेगा दाबत जातं, उघड्या भेगा कमी होतात. माझ्या वहीतले आपल्या भागातले बोअर बघितले तर चांगलं पाणी बहुतेक वरच्या दोन-अडीचशे फुटांत लागलंय, तीनशेच्या खाली लागलेले आहेत, पण बोटावर मोजण्याएवढे, आणि त्यातले बरेच दोन उन्हाळ्यांत खाली बसले. शिवाय कायद्याचंही आहे, २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमानं ६० मीटर, म्हणजे २०० फुटांच्या खाली शेतीसाठी विहीर किंवा बोअर न्यायला बंदी आहे. कोण पाळतं हा वेगळा विषय, तुम्हीही पाळलेला नाही.

आजोबा पूर्ण चुकलेत असंही म्हणणार नाही मी. समुद्र होता, फक्त थोडा बाजूला आणि फार आधी. तुमच्या घरात शहाबादी फरशी असेल, सोलापुरात कुणाच्या घरात नाही? ती येते कलबुर्गी जिल्ह्यातून, सोलापूर शहरापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, जिथं आपला बेसॉल्ट पातळ होत होत संपतो आणि त्याच्याखालचं जुनं उघडं पडतं. ती फरशी म्हणजे उथळ समुद्राच्या तळाशी थरांनी बसलेला चुना. म्हणून तर ती पुस्तकाच्या पानांसारखी सपाट सुटते, छिन्नी मारली की थर मोकळा. तिचं वय ५४ कोटी वर्षांच्याही पलीकडचं, म्हणजे कवच असलेले प्राणी पसरायच्या आधीचं, म्हणून कितीही फरशा पुसल्या तरी शंख काही सापडत नाही. शंखवाला समुद्र शोधत होते आजोबा, आणि बिनशंखाच्या समुद्रावर पाट मांडून जेवत होते.

तर पाण्याचा प्रश्न. बोअरमध्ये येणारं पाणी सहसा जुनं साठवलेलं नसतं, आपल्या दगडात तेवढी जागाच नाही. ते बहुतेक येतं गेल्या काही पावसाळ्यांतून. खोली म्हणजे जुना काळ, पण पाणी आजचं. आणि आजचं पाणी ठरतं ते पुन्हा समुद्रावरच. नैऋत्येचे वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, निवतात आणि कोकणात आणि घाटमाथ्यावर बरसतात. पलीकडं उतरताना तीच हवा तापते, कोरडी होते. महाबळेश्वरचा आकडा वर सांगितला, तिथून वीस किलोमीटर पण नसलेल्या पाचगणीला त्याचा तिसरा हिस्सा पाऊस, खाली वाईला हजाराच्या आत, आणि मग आपण. हा सह्याद्री तरी काय, तो खालून वर ढकललेला डोंगर नाहीच, आपल्याच पठाराची तुटलेली कड आहे ती. सेशेल्स बेटं आपल्यापासून तुटून निघून गेली त्या काळात पश्चिम किनारा फाटला, कड उंच राहिली आणि पठार पूर्वेला कललं. म्हणून भीमा भीमाशंकरला उगवते, अरबी समुद्र तिथून शंभर किलोमीटरच्याही आत, आणि बाई निघते पाठ फिरवून पंढरपूरकडं, बंगालच्या उपसागराला.

यातून आपल्याकडं एक विचित्र गोष्ट घडते. जुलैत इथं रानात धूळ उडत असते आणि बातमी येते उजनी प्लसमध्ये आली, म्हणजे धरणाचं पाणी मृतसाठ्याच्या वर गेलं. पाऊस पुण्याच्या घाटात पडलेला असतो. त्यानं कालव्याखालचा ऊस जगतो, तुमच्या विहिरीचा तळ नाही. तुमची विहीर भरते सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसावर, उत्तरा आणि हस्त, आणि तो बराचसा बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळं. २०२० च्या ऑक्टोबरात असाच एक पट्टा आंध्रच्या किनाऱ्यावरून चढून थेट सोलापुरावरून गेला, तेव्हा काय हाल झाले आठवत असेल. म्हणून तर मंगळवेढा रब्बीच्या ज्वारीचं कोठार झालं, काळी माती सप्टेंबरचं पाणी धरून ठेवते आणि मालदांडी त्या ओलीवर, थंडीवर येते. तुमच्या पणजोबांनी समुद्र, दगड, पाऊस या सगळ्याचा हिशोब केला आणि ज्वारी पेरली. आपण त्याच रानात ऊस लावून खाली समुद्र शोधतोय. हे तुम्हाला टोचलं तर माफ करा, माझ्या भावानंही तेच केलंय.

पॅसिफिकमध्ये एल निनो असला, म्हणजे तिथलं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापलं, की बऱ्याचदा, दरवेळी नाही, आपला पाऊस तुटतो. १८७७, १९७२, २०१५, ही सगळी एल निनोची वर्षं. २००२ पण. त्याच दुष्काळात, २००३ च्या उन्हाळ्यात, माझी ती चूक झाली. अक्कलकोटच्या बाजूला मेव्हण्याचं रान, जागा मी दिलेली. २८० फुटांवर गेरूखाली जरा ओल आली, मला वाटलं आलंच. चारशेवर मशीनवाला म्हणाला थांबू का, मी म्हटलं चल. सगळे नातेवाईक उभे, बायकोचे मामा खुर्ची टाकून बसलेले, माघार कशी घ्यायची. ६५० फूट. फुफाटा उडून उडून बाभळीची पानं पांढरी झाली होती. शेवटी मेव्हणाच म्हणाला, दाजी, बास. त्या भोकावर आजही एक दगड ठेवलाय आणि मी गेलो की चहा तिथंच आणून देतात. पुढच्या वर्षी त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला, जुन्या विहिरीचा मांजऱ्या दहा फूट खोल केला आणि वर ओढ्यात दोन बंधारे घातले, पंचेचाळीस फुटांवर पाणी. मीटर माझ्याकडं होता, पण मी त्या दिवशी दगडाचं ऐकलं नाही, मामांच्या खुर्चीकडं बघून मशीन चालवलं.

तुमचं नेमकं काय करावं हे इथं बसून शंभर टक्के नाही सांगू शकत, बऱ्याच गोष्टींवर आहे ते. शेजारच्या बोअरना कुठं पाणी लागलंय, किती इंची, आणि मे महिन्यात ते टिकतं का. तुमचं रान ओढ्याच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या. आसपास कुठं एखादा चांगला भेगांचा पट्टा जातोय का, सरळ रेषेत झाडं हिरवी राहतात तसा. एखाद्या शेजाऱ्याला साडेपाचशेला पाणी लागलं असेल आणि तीन उन्हाळे टिकलं असेल तर मी माझं मत बदलायला तयार आहे. नुसतं "लागलं होतं" याच्यावर नाही.

पण मला विचाराल तर पैसा विहिरीवर घाला. तुमच्याकडं वीस-पंचवीस फूट नदीचा गाळ आहे, तो स्पंजासारखा आहे, सोलापुरात असा गाळ सगळ्यांच्या नशिबी नसतो. सात परस विहिरीच्या तळाला काय आहे ते बघा. मांजऱ्या किंवा मुरूम असेल तर अजून एक-दीड परस खाली न्या किंवा आडवे बोअर घ्या, फत्तर असेल तर हात लावू नका. ओढ्यातला गाळ काढून पाणी अडवा, पण तळ फत्तराचा असेल तर तिथं अडवून उपयोग नाही, पाणी उभं राहील आणि उडून जाईल, मुरूम उघडा पडलाय तिथं अडवा. कोरड्या बोअरमध्ये पावसाचं पाणी सोडायचा सल्ला कुणी दिला तर तुमच्या बाबतीत तो नको, भोकं बुजलेल्या मांजऱ्यात ते शिरणार कुठं, आणि गढूळ पाणी सोडलं तर होती नव्हती ती भेगही बंद. आणि पुढच्या वेळी जागा ठरवायची असेल तर मे महिन्यात ठरवा, दिवाळीत नाही. दिवाळीत सोलापुरात कुठंही पाणी लागतं.

खारं लागेल का, हे राहिलंच. तुमच्या भागात काही बोअरचं पाणी खारट, मचूळ लागतं हे खरं, पण त्याचं कारणही समुद्र नाही. पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त, दगडातून सुटलेले क्षार तिथंच फिरत राहतात, वर आपण खतं आणि पाटपाणी देतो, चोपण जमीन होते ती त्यानंच. बोअरचं पाणी उसाला द्यायच्या आधी एकदा तपासून घ्या, मातीपरीक्षण करतात तिथं पाणीही बघतात.

तीन गोष्टी कळवल्यात तर पुढचं बोलता येईल: गेरूला केसिंग टाकलंय का, मे अखेरीला विहिरीत किती फूट पाणी उरतं, आणि विहिरीचा तळ कुठल्या दगडात आहे. तळाचा एक तुकडा हातोडीनं फोडून, ताजी बाजू ओली करून फोटो टाका, वाळलेल्या दगडाच्या फोटोवरून मलाही काही कळत नाही. आणि आजोबांना तो शहाबादीचा प्रकार सांगून बघा, काय म्हणतात तेही लिहा.